वहिनी चकती बाहेर काढते

माझ्या वहिनीचं नाव शोभना. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण दुबईत तिला या नावाने हाक मारणारी माणसं बरीच वर्षं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच होती. मंडळात ती 'शैलेंद्रच्या मिसेस', शाळेच्या फाटकाशी 'ईशानीची मम्मी', आणि बिल्डिंगच्या राखणदाराला, म्हणजे तिकडच्या भाषेत नातूरला, नुसतीच 'मॅडम'. एकदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एका बाईंनी मला विचारलं, "तुमच्या वहिनी दिवसभर काय करतात हो?" मी म्हटलं, "आइस हॉकी खेळतात." बाईंनी माझ्या हातात वाण ठेवलं आणि "काहीतरीच तुमचं!" म्हणून त्या पुढच्या बाईकडे वळल्या. मला असा राग आला की मी तिळगूळ घेतला, पण गोड काही बोलले नाही.

मी रुपाली, शैलेंद्रदादाची धाकटी बहीण, म्हणजे शोभनाची नणंद. नणंदेने वहिनीचं कौतुक करू नये असा आमच्या घराण्यात अलिखित नियम आहे. मी तो कधी पाळला नाही. मी तेव्हा शारजात अल मजाजला राहायचे, दादा-वहिनी दुबईत ऊद मेथाला. मधला ट्रॅफिक असा की तेवढ्या वेळात पुण्याहून साताऱ्याला जाऊन कंदी पेढे घेऊन परत यावं. तरी मी दर शुक्रवारी, म्हणजे तिकडच्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी जायचे. वहिनीचा खेळ बघायला जायचे आणि घसा बसेपर्यंत ओरडायचे.

वहिनी सांगलीची. शाळेपासून खो-खो खेळली, जिल्ह्याकडून खेळली आणि सगळं आयुष्य पाठलागावर खेळली. खो-खो विसरलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. एक तुकडी पळते, दुसरी पाठलाग करते. पाठलागवाल्या एका ओळीत, एकीआड एक उलट्या दिशांना तोंड करून उकिडव्या बसतात. त्यातली एक उठून मागे लागते आणि बसलेल्या मैत्रिणीच्या पाठीवर थाप मारून 'खो' दिला की ती उठते. पळणारीला वाटेल तिथून, वाटेल तशी वळायची मुभा असते. पाठलाग करणारीला नसते. तिने एकदा दिशा धरली की खांबापर्यंत तीच. मध्येच मागे वळली की फाउल.

वहिनीची ख्याती होती ती खांबाजवळ मारलेल्या सुरासाठी. तिच्या कोपरांवर आणि गुडघ्यांवर त्याच्या खुणा अजून आहेत. बघण्याच्या कार्यक्रमात माझ्या आईला कोपर दिसलं. "मुलगी सारखी पडते का हो?" असं तिने विचारलं. "पडत नाही, समोरच्यांना बाद करते," असं वहिनीचे वडील म्हणाले. आमच्या पुण्याच्या घरात हे उत्तर फारसं कुणाला रुचलं नाही. मला मात्र त्याच क्षणी ही मुलगी घरात हवी असं वाटलं, आणि दादाला कधी नव्हे ती अक्कल सुचली.

लग्नानंतर खो-खो सुटला. पुण्यात दोन वर्षं, मग दुबई, मग ईशानी. एवढी चपळ बाई फ्लॅटच्या तीन खोल्यांत फिरत राहिली. तक्रार तिने कधी केली नाही. पण तिच्याकडे गेलं की दिसायचं, उकिडवी बसून ती फरशी पुसतेय, आणि उठताना एका झटक्यात अशी उठतेय की जणू कुणी पाठीवर थाप मारली.

ऊद मेथात भारतीय शाळांपासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर बर्फाचं एक बंदिस्त मैदान होतं. बाहेर माणूस उकडून निघतोय, आणि आत पोरं स्वेटर घालून घसरतायत. ईशानी नऊ वर्षांची झाली तेव्हा वर्गातल्या मैत्रिणींबरोबर तिथे स्केटिंग शिकायला लागली. वहिनी महाबळेश्वरला घेतलेला स्वेटर आणि वर शाल असा सरंजाम करून बाकावर बसायची आणि कुडकुडायची. एक दिवस ती उठली, भाड्याचे स्केट्स चढवले आणि बर्फावर उतरली.

"मॉम, प्लीज डोन्ट," ईशानी दुरूनच म्हणाली. "एव्हरीवन इज लुकिंग."

"बघू देत की," वहिनी म्हणाली आणि पडली.

पण तिचं पडणं इतरांसारखं नव्हतं. तोल गेला की ती उकिडवी व्हायची आणि त्याच बैठकीतून पुन्हा उभी राहायची. हे एका बाईने हेरलं. तिचं नाव जहांआरा. ती हैदराबादची, एका क्लिनिकमध्ये नर्स, आणि कॉलेजात गवतावरच्या हॉकीची गोलकीपर. आता ती त्याच मैदानावर बायकांच्या आइस हॉकी संघाची गोलकीपर होती. संघाचं नाव 'क्रीक क्वीन्स', म्हणजे खाडीच्या राण्या. त्यात कॅनडाच्या, फिनलंडच्या, स्वीडनच्या बायका होत्या. कुणी शिक्षिका, कुणी नर्स, कुणाचे नवरे तेलाच्या कंपनीत.

"आप गिरते नहीं जी, बैठ जाते," जहांआरा वहिनीला म्हणाली. "ऐसे लोगां हमकू होना."

दोन हिवाळे वहिनी शिकली. गंमत म्हणजे पुढे घसरण्यापेक्षा तिला मागे घसरणं आधी जमलं, आणि तिच्या कोचने तिला बचावाला लावलं. ही कोच म्हणजे कॅनडाची एक धिप्पाड बाई, एका शाळेत पीटी शिकवायची. मी तिला कोचबाईच म्हणते. ती कमी बोलायची आणि बोलली की ते शेवटचं असायचं.

पहिल्याच सामन्याच्या वेळी वहिनीची जोडवी स्केट्समध्ये रुतायला लागली. बुटाचा जबडा एवढा घट्ट की चांदी बोटात घुसली. तिने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "काढ आणि दे इकडे. नणंद म्हणून मी परवानगी देते." तेव्हापासून दर शुक्रवारी तिची जोडवी माझ्या पर्समध्ये असायची. आईला फोनवर मी हे कधी सांगितलं नाही, आणि सांगणारही नाही.

आता खेळाबद्दल जरा सांगते. आइस हॉकीत रबराची एक काळी चकती असते. तिला पक म्हणतात. मैदानाला चारी बाजूंनी फळ्यांचा कठडा असतो, आणि आपल्या गोलपासून थोडं पुढे बर्फात एक निळी रेषा असते. त्या रेषेच्या आतला भाग म्हणजे आपलं अंगण. चकती आपल्या अंगणात आली की समोरच्या तिच्यावर तुटून पडतात. मग बचावाच्या खेळाडूचं काम एकच, कोपऱ्यातून चकती उचलायची, गोलच्या जाळीमागून फिरायचं आणि ती निळ्या रेषेबाहेर काढायची. ऐकायला सोपं आहे. अंगणात शिरलेलं मांजर बाहेर काढायला लागलं की कळतं किती सोपं आहे ते.

वहिनी कोपऱ्यात सगळ्यांच्या आधी पोचायची. चकती तिच्या काठीला चिकटायची. समोरची पोरगी मागे लागायची, वहिनी जाळीमागे शिरायची, आणि तिथे घोळ व्हायचा. ज्या बाजूने शिरली त्याच दिशेने ती पुढे जायची, काहीही झालं तरी. समोरच्यांना हे लवकरच कळलं. त्या तिच्या मागे धावायच्याच थांबल्या. जाळीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन निवांत उभ्या राहायच्या, आणि वहिनी घरपोच चकती आणून द्यायची.

कोचबाई हातवारे करून सांगायची, "टर्न बॅक! टर्न बॅक!" जहांआरा गोलमधून ओरडायची, "पलट जाओ ना!" मी तर वर बसून मराठीतच बोंबलायचे. पालथ्या घड्यावर पाणी. सरावात, दमादमाने, ती छान वळायची. कुणी मागे लागलं की पाय ऐकायचे नाहीत.

जानेवारीतल्या एका शुक्रवारी सराव संपल्यावर कोचबाईने तिला बाजूला घेतलं. कॅल्गरीहून एक नवी बाई आली होती. लहानपणापासून बर्फावर वाढलेली, बचावाची खेळाडू. बचावाला जागा चार होत्या आणि आता खेळाडू पाच झाल्या होत्या. मार्चमध्ये अबू धाबीच्या बायकांशी वर्षाचा मोठा सामना होता. त्यानंतर एक जण कमी होणार, असं कोचबाईने सरळ सांगितलं. आजच्या घडीला ती एक जण म्हणजे शोभना. अबू धाबीला ये, पण चकती बाहेर काढता आली नाही तर तो तुझा शेवटचा सामना.

वहिनी घरी आली आणि गॅसवर पोह्यांची कढई चढवली.  दादा सोफ्यावर आडवा होऊन टीव्ही बघत होता. त्याला सगळं कळल्यावर तो म्हणाला, "सोड ना शोभना. झालं ना दोन वर्षं? खलास. या वयात कशाला ती धडपड?"

माझं डोकं फिरलं. "दादा," मी म्हटलं, "उंटावरून शेळ्या हाकू नकोस. तू स्वतः पार्किंगपासून लिफ्टपर्यंत चालताना दोनदा थांबतोस. तिला काय हवंय ते तिला विचार."

त्याने विचारलं, एवढं श्रेय त्याला देते. वहिनी कढईतले पोहे परतत होती. ती पाठमोरीच म्हणाली, "अहो, मी या देशात आल्यापासून कुणाला तरी घेऊन जाते, कुणाला तरी घेऊन येते. तिथे मी स्वतः जाते. मला तिथून काढलं तर मी परत बाकावर जाऊन बसायचं का शाल घेऊन?"

दादाने टीव्ही बंद केला. तेवढंच त्याला जमण्यासारखं होतं, पण त्याने केलं.

पुढच्या शुक्रवारी मी त्या तिघांना अल मजाजला बोलावलं. आमच्या बिल्डिंगमागे खाडीच्या बाजूला एक रिकामा प्लॉट होता, वाळू दाबून सपाट झालेला. तिथे लोक गाड्या लावायचे. शुक्रवारी संध्याकाळी तो बराचसा मोकळा असायचा. रंगाचे दोन रिकामे डबे ठेवून मी जाळी केली. टेनिसचा चेंडू झाला चकती. वहिनीच्या हातात तिची काठी, पायात साधे बूट. मी आणि ईशानी झालो अबू धाबीच्या बायका. दादा कठडा झाला, म्हणजे एका जागी उभा राहिला. ते काम त्याला फार शोभत होतं.

वहिनीने कोपऱ्यातून चेंडू उचलला. मी मागे लागले, ईशानी डब्यांच्या दुसऱ्या टोकाला. वहिनी सरळ ईशानीच्या पायात. पुन्हा केलं, पुन्हा तेच. जित्याची खोड. ईशानी कंटाळून म्हणाली, "आई, इट्स सो ईझी. जस्ट टर्न!" तिच्या तोंडून कळत-नकळत 'मॉम'ऐवजी 'आई' निघालं, म्हणजे तीही काळजीतच होती.

पुढच्या वेळी मी इतकी जोरात मागे लागले की माझी चप्पल तुटली आणि मी वहिनीच्या अंगावर आदळून दोघी वाळूत पडलो. मी चिडूनच म्हटलं, "अगं, मोकळी होती ना मागची बाजू! का वळत नाहीस?"

ती धापा टाकत म्हणाली, "फाउल होतो ना!"

  इतके दिवस कोचबाईला, जहांआराला, मला, कुणालाच न कळलेली गोष्ट तिच्या तोंडून आपोआप बाहेर पडली होती. फिनलंडच्या बाईला ही चूक करताच आली नसती. त्यासाठी सांगलीच्या मैदानावर दहा वर्षं शिट्ट्या खाव्या लागतात.

"वहिनी," मी वाळूतच बसून म्हटलं, "चेंडू कुणाकडे होता?"

"माझ्याकडे."

"मग कोण कुणाच्या मागे लागलं होतं?"

"तू माझ्या."

"अगं मग तू पाठलागावर नाहीस! तू पळणारी आहेस. पळणारीला कसला आलाय फाउल? तिने वाटेल तिथे वळावं."

 मग ती जे म्हणाली ते मला तोवर माहीत नव्हतं. "मला पळायला कधी जमलंच नाही, रुपाली. आमच्या संघात मला पळतीला सगळ्यांत शेवटी पाठवायचे. मागे कुणी लागलं की माझे हातपाय गार पडायचे. मी मुद्दाम लवकर बाद व्हायची आणि बाहेर येऊन बसायची. पळणं म्हणजे घाबरणं, असं मी स्वतःला सांगितलं होतं. पाठलागावर होते तोवर मी वाघीण."

मी सांत्वन वगैरे करणारी बाई नाही. मी म्हटलं, "खो-खोत पळणाऱ्या तुकडीला काय म्हणतात? संरक्षण. आणि त्या कोचबाईने तुला कुठे उभं केलंय? बचावालाच ना? मग घाबरून तरी पळ, पण पळ."

दादा, आमचा कठडा, तिथूनच म्हणाला, "मुद्दा बरोबर आहे हिचा." लग्नानंतर पहिल्यांदा तो माझ्या बाजूने बोलला असेल.

त्यानंतर मार्चपर्यंत दर शुक्रवारी संध्याकाळी आम्ही त्या प्लॉटवर होतो. काठी नाही, चेंडू नाही. वहिनीने नुसतं पळायचं आणि आम्ही तिला धरायचं. सुरुवातीला ती लगेच सापडायची. तिचा चेहरा पांढरा पडायचा, आणि मला वाईट वाटायचं, पण मी थांबले नाही. हळूहळू ती खांदा एकीकडे टाकून दुसरीकडे निसटायला लागली. ईशानीला हा खेळ इतका आवडला की ती खालच्या मजल्यावरच्या मैत्रिणींना घेऊन आली. पुढे तर चौघी-चौघी मागे असायच्या आणि माझी चाळिशीला टेकलेली वहिनी त्यांना हुलकावण्या देत गाड्यांमधून निसटायची. मग तिच्या हाती काठी दिली, मग चेंडू. बर्फावर शुक्रवारी सकाळी ती काय करते ते बघून कोचबाईने एकदा फक्त भुवया उंचावल्या.

सामना अबू धाबीत होता. सकाळी लवकर, कारण जुम्म्याच्या नमाजाच्या आत मैदान मोकळं करायचं होतं. दादाच्या सनी गाडीतून आम्ही गेलो.  मैदानाच्या दाराशी मी पर्स उघडून धरली, वहिनीने जोडवी टाकली आणि ती आत गेली.

बचावाच्या पहिल्या चौघींत कॅल्गरीवाली होती. वहिनी बाकावर. मी वरून बघत होते आणि कोचबाईच्या पाठीकडे असे डोळे वटारत होते की तिला मान दुखली असेल. वहिनी एकदाच आत गेली, पहिल्या भागात, अगदी थोडा वेळ. चकती तिच्या बाजूला आलीच नाही. परत येऊन बसली.

शेवटच्या भागात आपण एका गोलने पुढे होतो. मी 'आपण' म्हणते. दादा म्हणतो, "आपण कोण?" आपणच! अबू धाबीच्या बायका चवताळून आल्या होत्या. खेळ सगळा आपल्या अंगणात. कॅल्गरीवाली दमली होती, पण ताकदवान होती. चकती आली की ती जोरात फटका मारून थेट पलीकडच्या टोकाला पाठवायची. बघणाऱ्याला वाटतं, वा! पण या खेळात एक नियम आहे. आपल्या बाजूने मारलेली चकती कुणाला न लागता पार त्यांच्या गोलमागे गेली की शिट्टी वाजते आणि ती पुन्हा तुमच्याच अंगणात आणून ठेवतात. दर फटक्याला तेच. मांजर खिडकीतून फेकलं, दारातून परत आलं. जहांआरा एकामागून एक फटके अडवत होती आणि तिची जाळी प्रत्येक वेळी थोडक्यात वाचत होती.

शिट्टी वाजली. चकती पुन्हा आपल्याकडे. कोचबाई बाकाच्या बाजूने वळली, एकेकीकडे बघत आली, आणि थांबली.

"शोभना," ती म्हणाली. वरपर्यंत ऐकू आलं मला.

वहिनी कठडा ओलांडून बर्फावर उतरली.  दादाने माझा हात धरला होता, आणि तो इतका घट्ट की बांगडी पिचली.

चकती सुटली ती कोपऱ्यात गेली. वहिनी सगळ्यांच्या आधी तिथे. मागे एक उंच, लाल हेल्मेटवाली पोरगी सुटली. वहिनी जाळीमागे शिरली. दुसऱ्या टोकाला आणखी एक जण येऊन उभी राहिली, मागच्या सामन्यातलं त्यांना आठवत होतं. मी डोळे मिटणार होते. मिटले नाहीत, हे बरं झालं.

वहिनी जाळीमागे मधोमध आली, डावा खांदा पुढे टाकला आणि वळली. सरळ उलटी. लाल हेल्मेट तिच्या अंगावरून पुढे निघून गेलं आणि दुसऱ्या टोकाच्या मुलीवर जाऊन आदळलं. वहिनी ज्या बाजूने आली होती त्याच बाजूने बाहेर पडली. समोर तिसरी. तिला बघून वहिनी पुन्हा वळली. आता मागे तिघी, आणि ती त्यांच्या मधून, कधी इकडे, कधी तिकडे, काठीच्या टोकाला चकती, गुडघे वाकलेले, कुणाचीच काठी तिला लागत नव्हती. "पलट! पलट! शाबास!" जहांआरा गोलमधून ओरडत होती. दादा उभा राहून काहीतरी ओरडत होता ते त्यालाही कळत नसेल. आणि वहिनी निळी रेषा ओलांडून बाहेर गेली.

बाहेर गेली आणि गोंधळली. चकती घेऊन ती इथवर कधी आलीच नव्हती! इथून पुढे काय करायचं असतं ते तिला ठाऊक नव्हतं. तिने आजूबाजूला बघितलं, फिनलंडची बाई काठी आपटत होती, तिच्याकडे चकती सरकवली आणि स्वतः पुन्हा आपल्या अंगणाकडे धावली. त्यानंतर आणखी एकदा चकती आत आली, आणि आणखी एकदा वहिनीने ती बाहेर काढली. मग सामना संपल्याचा भोंगा वाजला.

खाडीच्या राण्या एकमेकींवर कोसळल्या. त्या ढिगाऱ्यात वहिनी सगळ्यांत खाली होती. मी रडत होते आणि मला त्याची लाज वाटत नव्हती. शेजारी कुणी अबू धाबीवाल्या बसल्या होत्या, त्यांना मी हिंदीत सांगितलं, "वो मेरी भाभी है." त्यांना समजलं की नाही देव जाणे. मी आणखी दोनदा सांगितलं.

वहिनीची जागा राहिली. पाचवी कोण गेली ते सांगायचं, तर कुणीच नाही. कोचबाईने संघात पाच बचावपटू ठेवल्या. आपला आकडा तिने स्वतः मोडला. वहिनी पुढे आणखी तीन मोसम खेळली. मग दादाची नोकरी अबू धाबीला गेली, ती मंडळी तिथल्या खलिफा सिटीला राहायला गेली, आणि ज्यांना हुलकावण्या दिल्या होत्या त्यांच्याच संघातून वहिनी खेळायला लागली. त्यांनी घरी येऊन बोलावून नेलं तिला. पण मला सांगायचंय ते त्या सामन्याच्या पुढच्या शुक्रवारचं.

त्या दिवशी कोचबाईने सरावाची शिट्टी वाजवली आणि वहिनीला पुढे केलं. "त्या दिवशी केलंस ते," ती म्हणाली, "यांना शिकव."

वहिनीने क्षणभर विचार केला. मग तिने सगळ्यांना काठ्या बाजूला ठेवायला सांगितल्या आणि एका ओळीत बसायला लावलं. एकीआड एक, उलट्या तोंडांनी, उकिडवं. कॅल्गरीवाली, फिनलंडवाली, स्वीडनच्या दोघी, हेल्मेटं घालून, ऊद मेथाच्या बर्फावर. धडाधड पडत होत्या, एकमेकींना धरून पुन्हा बसत होत्या. ईशानी कठड्याला टेकून त्यांना इंग्रजीत नियम समजावत होती. आपली आई काय करतेय हे लोकांनी बघावं म्हणून ती ओरडून बोलत होती.

मला वाटलं, आता वहिनी पाठलागाला उभी राहणार. तिचं राज्य ते. पण तिने कॅल्गरीवालीला उठवलं आणि म्हणाली, "यू चेस. आय रन."

आणि ती पळाली. बर्फावर, त्या ओळीतून आत-बाहेर, कुणाच्या पाठीमागून, कुणाच्या समोरून. कॅल्गरीवालीने खो दिला, दुसरी उठली, तिसरी उठली, सगळ्या आळीपाळीने मागे लागल्या आणि सगळ्या पडल्या. वहिनी हसत होती. या देशात मी तिला इतकं मोठ्याने हसताना कधी ऐकलं नव्हतं. मागे वळून वळून ती त्यांना बोलावत होती, मराठीत, कारण त्या घाईत तिला दुसरी भाषा आठवत नव्हती.

"या ना! धरा मला! धरा!"